वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून बोलायचंच नाही का?

मागच्या अंकात मी लिव्हिंग विलबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. शेवटच्या आजारपणात आपल्यावर कुठले उपचार करावेत आणि कुठले करू नयेत हे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवायचं, एवढाच विषय होता. त्यावर वेंगुर्ल्यापासून पेणपर्यंतची पत्रं आली, काही तर आठ-आठ पानांची, आणि बहुतेकांनी खाली लिहिलंय की नाव छापू नका, म्हणून कोणाचंच छापत नाही. मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यामुळे जे बघितलंय ते सांगते, आणि कायद्याचं जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगते.

प्रश्न : ताई, माझं वय ७१. वेंगुर्ल्याजवळच्या गावात एकटी राहते, दोन मुलगे मुंबईकडे, एक डोंबिवलीला एक नालासोपाऱ्याला, मुलगी कुडाळला दिलेली. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते, काचेतून बघायचे दिवसातून दोनदा, आणि शेवटी गेलेच. मला तसं नको आहे. पण विषय काढला की मोठा म्हणतो "आई अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणते", धाकटा उठून बाहेर खळ्यात जातो, आणि मुलगी रडते. मी लिहून ठेवलं तर त्याला काही अर्थ आहे का? आणि या मुलांना ऐकायला कसं लावू?

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी माझं सांगते, मग तुमचं.

माझ्या बाबांना फुप्फुसाचा जुना आजार, बिडीने झालेला. वय ७९. दोन वेळा अॅडमिट होऊन आलेले, दुसऱ्या वेळी तर तोंडातून नळी घातलेली. घरी आल्यावर एका संध्याकाळी पडवीत बसलेलो, ते सुपारी कातरत होते, आणि कातरता कातरता म्हणाले, "परत ती नळी घालू देव नको हां गो बाय." मी हो म्हटलं. बस एवढंच. मी नर्स, मला सगळं कळत होतं, तरी मी ते भावांना सांगितलं नाही, म्हटलं कशाला आत्ताच, बघू वेळ आली की. वेळ आली ती रात्री अडीचला, श्रावणात, पाऊस ओततोय, मी त्या दिवशी सासरी, आणि शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत घालून नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला भावाला फोन लावून विचारलं काय करायचं, भाऊ म्हणाला जे लागेल ते सगळं करा, पैशाकडे बघू नका. दुसरं काय म्हणणार तो बिचारा? त्याला ते पडवीतलं बोलणं माहीतच नव्हतं.

मी सकाळी पोचले तेव्हा नळी घातलेली होती. ओढून काढतील म्हणून दोन्ही हात बँडेजने कॉटच्या दांडीला बांधलेले. नळी असली की बोलता येत नाही, स्वरयंत्रातूनच जाते ती. मी उजवा हात सोडवून माझ्या तळहातावर ठेवला, त्यांनी बोटाने काहीतरी गिरवलं, मला कळेना, परत गिरवलं, आणि मग कळलं : "घर". दोन अक्षरं. ते अकरा दिवस तसे होते. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले आता काही होणार नाही, तुम्ही हवं तर घरी न्या, आणि आम्ही तो "आमच्या जबाबदारीवर नेतो" वाला कागद सही केला, अँब्युलन्समधे साठेक किलोमीटर मीच अँब्यू बॅग दाबत होते, हाताने फुगवायची ती रबरी पिशवी, दर पाच सेकंदाला एकदा, घाटात गाडी वळली की एक हात वरच्या दांडीला. उंबऱ्याच्या आत आणलं, नळी काढली, तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घातलं. नंतर ते दहा मिनिटं होते.

तुमच्यासाठी यात एकच गोष्ट आहे. बाबांनी सांगितलं होतं, पण एकीलाच. आणि फोन गेला दुसऱ्यालाच. आपल्या कोकणात हे घरोघरी असंच आहे, म्हातारी माणसं गावाला, मुलं मुंबई-पुण्याला, आणि निर्णय होतो फोनवर, मध्यरात्री, ज्याने महिनोन्महिने आईला बघितलेलं नसतं त्याच्याकडून. जो लांब असतो तो "सगळं करा" म्हणतो, कारण लांब असल्याचं त्याला खातच असतं. तो वाईट नसतो हो. पण तेव्हा त्याच्या मनात आईचं म्हणणं नसतं, स्वतःची बोच असते.

आता कागदाचं. हो, अर्थ आहे. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ ला सांगितलं की सन्मानाने मरणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि असा कागद, कोर्टाच्या भाषेत अॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह, कायदेशीर धरला जाईल. तेव्हा त्यावर ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटची सही लागायची, ते कोणाला जमणार, त्यामुळे फारसं कोणी केलंच नाही. मग २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने नियम सोपे केले. आता दोन साक्षीदारांसमोर तुमची सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. नोटरी तालुक्याला कोर्टाच्या आवारात बसतातच. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत हव्यात, कोणाच्या दबावाखाली नकोत, आणि साक्षीदार शक्यतो वारसांपैकी नसलेले घ्या म्हणजे पुढे कोणी बोट दाखवणार नाही.

कागदात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. एक, काय नको आणि केव्हा नको. "मला त्रास नको" असं लिहिलेलं काही उपयोगाचं नाही, ज्याला त्याला हवा तसा अर्थ काढता येतो. असं लिहा की बरं व्हायची आशा नाही असं डॉक्टरांनी ठरवलं तर मला व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, नाकातून नळीने भरवणं यातलं अमुक अमुक नको, पण दुखणं थांबवायची औषधं, ऑक्सिजन, स्वच्छता हे सगळं हवं. दुसरं, तुम्हाला सांगता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव. एकापेक्षा जास्त नावं चालतात, पण माझं ऐकाल तर पहिलं नाव एकाचंच, आणि जो वेळेला पोचू शकतो त्याचं. तुमच्या पत्रावरून मला तरी कुडाळची मुलगी वाटते. ती रडते म्हणून ती कमकुवत आहे असं समजू नका, तिघांत ती एकटीच ते ऐकून घेतेय.

मग प्रती. एक तिच्याकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक मुलांकडे, आणि एक स्थानिक संस्थेत, म्हणजे नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, तिथल्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ती जपून ठेवायची असं कोर्टानेच म्हटलंय. आपल्या राज्यात मुंबई हायकोर्टात यासाठी जनहित याचिका झाली, त्यानंतर सरकारने असे कस्टोडियन नेमायला घेतले. मी माझा कागद ग्रामपंचायतीत द्यायला गेले तेव्हा तिथल्या भाऊंनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, बाई हे कशात लावू, जन्ममृत्यूच्या रजिस्टरात की आवकमधे? मी म्हटलं आवकमधे लावा आणि मला पोच द्या. त्यांनी शिक्का मारून दिला, मग खाली बसवून सगळं विचारून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या आईला घेऊन माझ्याकडे आले. शेजारी गोव्यात तर मे २०२४ मधे हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा असा कागद केला, हे मी मुद्दाम लोकांना सांगते, कारण न्यायाधीशाने केलंय म्हटलं की अर्ध्या लोकांची भीती जाते.

एक फार महत्त्वाचं. हा कागद केला म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तर डॉक्टर हात लावणार नाहीत असं अजिबात नाही. व्हेंटिलेटर काही राक्षस नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो होतो, चाळिशीचा माणूस भातलावणी करून तापाने येतो, फुप्फुसात रक्त उतरतं, व्हेंटिलेटरवर जातो, आणि त्यातले कितीतरी चालत घरी गेलेले मी बघितलेत. मण्यार चावलेल्याचा श्वास बंद पडतो, मशीनवर काही दिवस काढले की तोच माणूस उठून चहा मागतो. तो कागद त्या वेळेसाठी नाहीच. तो फक्त तेव्हासाठी, जेव्हा आजार परतणारा नाही आणि मशीन मरण लांबवतंय एवढंच. आणि हे एकटा डॉक्टर ठरवत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं हॉस्पिटलचं पहिलं बोर्ड, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो ४८ तासात मत द्यायचं. तुमच्या माणसाचीही संमती लागते. मग मॅजिस्ट्रेटना कळवून मशीन काढायचं. आणि तुमचं मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो, नवा करता येतो, शेवटचा केलेला तो खरा.

आता मुलांचं. वास्तू तथास्तु म्हणते हे मी पण लहानपणापासून ऐकत आलेय आणि त्याची थट्टा करणार नाही. शुभ बोल रे नाऱ्या, आपण सगळे त्यातच वाढलो. पण तुमच्या मुलाला विचारा, तुझ्या बाबांच्या वेळी कोणी अभद्र बोललं होतं का? कोणीच नव्हतं, तरी १९ दिवस झालेच ना. हे भांडण म्हणून नका विचारू, शांतपणे विचारा. आणि फोनवर नको. गणपतीत तिघं येतीलच, एकाच वेळी एकाच घरात वर्षातून तेवढंच जमतं. पहिल्या दिवशी नको, गडबड असते, गौरी जेवल्यावर दुपारी सगळे पसरलेले असतात तेव्हा घ्या. आणि "मी मेल्यावर" असं सुरू करू नका, त्याने मुलगा उठून जाणारच. "मला जगायचं कसं आहे ते सांगते" इथून सुरू करा. सांगा की मला माझ्या खोलीत, खिडकीजवळ, माडांचा आवाज ऐकत राहायचं आहे, तुमच्यापैकी कोणीतरी हात धरून, काचेपलीकडून नाही. मग नाव सांगा, ही बोलेल माझ्या वतीने, आणि तुम्ही दोघांनी तिला साथ द्यायची. धाकटा खळ्यात गेला तर जाऊ दे. त्याला ऐकू येतं तिथपर्यंत.

प्रश्न : मी राजापूरचा, नोकरीला ठाण्यात. वडील ८४, दुसऱ्यांदा पक्षाघात, दहा दिवस आयसीयूत, शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात सुधारणा नाही, पण मशीन चालू ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हटलं पुरे करूया तर बहीण म्हणाली "तुला सातबाऱ्यावरचं नाव बदलायची घाई झालीय". आतापर्यंत साडेचार लाख गेले, हापूसची कलमं गहाण टाकायची पाळी आलीय. वडिलांनी काही लिहून ठेवलेलं नाही. मी चुकतोय का?

तुम्ही चुकत नाही. हे पत्र येऊन तुमच्या हातात अंक पडेपर्यंत काय झालं असेल मला माहीत नाही, पण तुमच्यासारखे आणखी बरेच आज कुठल्यातरी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेत, म्हणून लिहिते.

बहिणीचं ते वाक्य मनाला लावून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, ते लागणारच. पण ती का बोलली ते बघा. आपल्याकडे जो "पुरे" म्हणतो त्याला घराबाहेरचे नंतर वर्षभर बोलतात, आणि तेराव्याला चारचौघात म्हणता आलं पाहिजे की आम्ही काही कमी पडू दिलं नाही. त्या एका वाक्यासाठी कलमं जातात, दागिने जातात, आणि ज्याच्यासाठी चाललंय त्याला काही पत्ता नसतो. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता राग येत नाही, वाईट वाटतं.

लिहून ठेवलेलं नसलं तरी कायद्याने रस्ता बंद नाही. घरच्या जवळच्या माणसांची संमती आणि तीच दोन बोर्डं, तीच पद्धत, हे कोर्टाने सांगितलंय. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं. हॉस्पिटलने "तुम्ही ठरवा" म्हणून सगळं तुमच्या डोक्यावर टाकायचं हे बरोबर नाही, डॉक्टरांनी स्वतःचं मत सांगायला पाहिजे, लेखी मागा, आणि बोर्ड बसवा म्हणा. उद्या बहिणीला दाखवायला तुमच्या हातात डॉक्टरांचं मत असेल, तुमचं एकट्याचं म्हणणं नाही.

आणि तिला एकदा डॉक्टरांसमोर घेऊन बसा, दोघांनी एकत्र ऐका. फोनवर तिच्यापर्यंत तुमच्या तोंडून पोचतं म्हणून ते तिला तुमचंच वाटतं. डॉक्टरांना विचारा की आजार बरा होणारा आहे का, झाला तर आमचे वडील उठून बसतील का, आम्हाला ओळखतील का, आणि अजून चार दिवस थांबलो तर काय दिसायला हवं आणि ते नाही दिसलं तर काय. मुदत ठरवून थांबणं हे फार उपयोगी पडतं, दोघांनाही. बहिणीला वाटतं आपण प्रयत्न केला, आणि तुम्हाला कळतं की शेवट कुठे आहे. तिला एकच गोष्ट विचारा, बाबांना बोलता आलं असतं तर ते आता काय म्हणाले असते? तुझं नाही माझं नाही, बाबांचं. बरेचदा तिथेच माणूस विरघळतो, कारण प्रत्येकाला बापाचं एखादं वाक्य आठवत असतं.

घरी न्यायचं ठरलं तर तो "आमच्या जबाबदारीवर" वाला कागद करून रिकाम्या हाताने निघू नका. मी ती चूक केलीय. डॉक्टरांना सांगा, घरी नेतोय ते शेवटच्या सेवेसाठी, आम्हाला दुखण्याची, दम लागल्याची, घशातल्या घरघरीची औषधं लिहून द्या, कोणाला फोन करायचा ते सांगा, आणि गावच्या डॉक्टरांना एक चिठ्ठी द्या. राजापूरला रात्री अकराला काही लागलं तर धावाधाव होऊ नये.

प्रश्न : मी चिपळूणचा निवृत्त शिक्षक. मृत्युपत्र रीतसर रजिस्टर केलंय, त्यातच शेवटच्या परिच्छेदात "मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये" असं लिहिलंय. वेगळा कागद लागेल का?

लागेल गुरुजी. मृत्युपत्र उघडतात माणूस गेल्यावर, बहुतेक घरात तर दिवस झाल्यावर. तोपर्यंत त्या परिच्छेदाचा काय उपयोग? घरादाराचं तिथेच राहू दे, उपचारांचा कागद वेगळा करा, वर सांगितलंय तसा. आणि तो कपाटातल्या लॉकरमधे ठेवू नका, फ्रिजच्या शेजारी खिळ्याला फाईल लावा, आधारकार्डाची झेरॉक्स असते तिथे. अँब्युलन्सवाले आले की घरचे तीच फाईल उचलतात. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे त्यातही असाच एक डायरेक्टिव्ह आहे, तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता, काही वकील दोन्हींची गल्लत करतात, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : हे इच्छामरण म्हणजे आत्महत्याच नाही का? देवाने दिलेला श्वास देवानेच घ्यावा असं आमच्या घरात मानतात. आम्ही पेण तालुक्यातले.

पेण तालुक्यातले आहात म्हणून आधी तुमच्याच गागोद्याचं सांगते. विनोबा तिथे जन्मले, १८९५ साली. शेवटी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी औषध, अन्न, पाणी सगळं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला गेले. त्यांना कोणी आत्महत्या म्हटलं तर तुमच्या घरातली जुनी माणसं ऐकून घेतील का? तरी मी सांगते की आपण बोलतोय ते तेवढंही नाही. अन्नपाणी सोडा असं इथे कोणी म्हणत नाही, आणि इंजेक्शन देऊन मारणं तर भारतात गुन्हाच आहे, कागद असला तरी. जो आजार माणसाला नेतोच आहे त्याच्या वाटेत मशीन उभं करायचं नाही, एवढंच. देवाने दिलेला श्वास देवाने घ्यावा म्हणता, बरोबर आहे, पण मशीन जो भरतं तो श्वास कोणाचा हे पण घरात एकदा बोलून बघा.

अरुणा शानबागचं तुम्हाला आठवत असेल. हळदीपूरची, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या अंगाची, उत्तर कन्नडातली मुलगी, मुंबईला केईएममधे नर्स. नोव्हेंबर १९७३ मधे तिच्यावर हल्ला झाला आणि ती कधी पूर्ण शुद्धीवर आलीच नाही. जवळजवळ ४२ वर्षं. केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, एवढ्या वर्षांत अंथरुणात असून तिला जखमा होऊ दिल्या नाहीत, आमच्या व्यवसायातली ती फार मोठी गोष्ट आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तिला जाऊ द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टाने ७ मार्च २०११ ला त्यांची विनंती नाकारली कारण तिला सांभाळणाऱ्यांचं म्हणणं होतं की ती जगावी, पण त्याच निकालात उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ ला ती न्यूमोनियाने गेली. मला त्यात सगळ्यात जास्त हे लागतं की इतके लोक तिच्याबद्दल बोलले, सगळे तळमळीने बोलले, पण तिला काय हवं होतं हे सांगणारा एक कागद, एक वाक्य कोणाकडे नव्हतं. पंचविशीतली मुलगी होती हो, ती कशाला लिहून ठेवेल. आपण साठी-सत्तरीतले, आपल्याला तरी काय अडचण आहे?

प्रश्न : उपचार थांबवले म्हणजे माणसाला तडफडत ठेवायचं का? आई ८८ वर्षांची, विस्मरणाचा आजार, आता गिळत पण नाही. नळीने भरवा म्हणतात. आम्ही मालवणजवळ राहतो. नळी नको म्हटलं तर आई उपाशी मरेल ही कल्पनाच सहन होत नाही.

कुणाच्याही घरी मी हा प्रश्न ऐकला की आधी त्या मुलीचा हात हातात घेते. आई उपाशी असताना आपण जेवायचं कसं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण हे ऐका. विस्मरणाच्या आजाराच्या अगदी शेवटी भूक आपोआप मिटते, शरीर बंद व्हायला लागलेलं असतं. खाणं बंद झालं म्हणून ती जात नाही, जायची वेळ आली म्हणून खाणं बंद होतंय. या अवस्थेत नाकातली नळी आयुष्य वाढवत नाही, हे डॉक्टर लोकांनी नीट अभ्यासलेलं आहे. नळी असली तरी ठसका लागून अन्न फुप्फुसात जातंच, आणि ती उपटते म्हणून हात बांधावे लागतात. हात बांधलेल्या आईला बघायचं की चमच्याने दोन घोट पेज घालायची, तुम्ही ठरवा. ती घेईल तेवढंच द्या, पेजेचं निवळ, शहाळ्याचं पाणी, तिला आवडत असेल तर सोलकढीचे चार थेंब. उंच उशी, मान पुढे, घाई नाही. तोंड मिटून घेतलं की थांबायचं, ते तिचं "नको" आहे.

आणि थांबवायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आजार जात नसला तरी त्रास घालवायचा. दुखत असेल, दम लागत असेल तर तोंडाने द्यायचं मॉर्फिन आहे, डॉक्टरांच्या मापाने दिलं तर त्याने माणूस लवकर जात नाही. लोक नाव ऐकून घाबरतात, औषधवाले पण घाबरायचे, म्हणून २०१४ मधे कायदा बदलून ते मिळायची वाट सोपी केली, तरी अजून सगळीकडे मिळत नाही ही खरी गोष्ट आहे. केरळला २००८ पासून सरकारी धोरण आहे, तिथे गावोगाव नर्स आणि शेजारपाजारचे स्वयंसेवक घरी येऊन बघून जातात. आपल्या किनाऱ्यावर तसं झालं पाहिजे, भजनी मंडळं आहेत, गणपतीची मंडळं आहेत, महिला बचतगट आहेत, माणसांची कमी नाही, आणि यासाठी मी प्रत्येक ग्रामसभेत उठून बोलते. तोपर्यंत जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्हबद्दल विचारा, गोव्याला लोटलीला शांती अवेदना सदन आहे, पण ते कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्यांसाठी.

घरी तुम्ही काय करायचं ते सांगते. तिचं तोंड कोरडं पडेल, तिला तहान लागल्यासारखं वाटतं ते बहुतेक त्या कोरडेपणामुळेच. एका वाटीत उकळून गार केलेलं पाणी घ्या, बोटाला स्वच्छ मऊ मलमलीचा तुकडा गुंडाळा, नुसता ओला करायचा, ठिबकता नको. आधी ओठ, मग गालाच्या आतून, मग जीभ. मग ओठांना थोडं खोबरेल. दर दोन तासांनी, रात्री पण, आणि करताना तिच्याशी बोलत राहा, ऐकू येत असतं शेवटपर्यंत असं आम्ही सगळ्या सिस्टर मानतो. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला हात फिरवायचा. घरात दोघी-तिघी असाल तर पाळ्या लावून घ्या, एकीनेच सगळं करू नका. काही अडलं तर या अंकाच्या पत्त्यावर लिहा, माझ्यापर्यंत पोचतं, मालवणात असले तर येऊन जाईन.